प्रेबेनचे उलटे आकडे

ऑस्ट्रेलियात एक गंमत आहे. तिथे पंतप्रधान समोर आला तरी लोक त्याला नावाने हाक मारतील, पण युनिव्हर्सिटीत 'प्रोफेसर' हा शब्द कुणाला फुकट मिळत नाही. आपल्याकडे परवा कॉलेजात चिकटलेला पोरगाही प्रोफेसर, आणि लग्नाच्या जाहिरातीत तर हमखास प्रोफेसर! इथे तसं नाही चालत. आधी लेक्चरर, मग सीनिअर लेक्चरर, मग नशिबात असेल तर असोसिएट, आणि सगळ्यांच्या वर ती एक खुर्ची. खुर्चीवर बसेल तो प्रोफेसर. बाकीचे सगळे डॉक्टर, नाहीतर नुसतेच मेट, म्हणजे दोस्त.

प्रेबेन स्कोवगोर वीस वर्षं नुसताच मेट होता.

आयव्ही तुस्कानोला ह्याचा भयंकर राग यायचा. ती त्याच मॅथ्स डिपार्टमेंटमध्ये लेक्चरर होती. मूळची वसईची, चर्चच्या मराठी शाळेत शिकलेली, मुंबईत एमएस्सी करून सिडनीला पीएचडीला आलेली. ब्लॅकटाउनला घर, नवरा मानवेल एका ऑफिसात अकाउंट्स बघणारा. आयव्हीच्या जिभेला हाड नाही असं मानवेल म्हणायचा, आणि डिपार्टमेंटच्या मीटिंगमधून आलेल्या बायकोचं तोंड बघून आधी चहा टाकायचा.

"आज कुणाला झोडलंस?"

"कुणाला झोडणार? त्या प्रेबला सगळे चहाच्या वेळी 'गुड ऑन या, मेट' म्हणतात आणि मतदान आलं की खिडकीबाहेर बघतात. मेले कुठले!"

आता प्रेबेनची हकिकत ऐका, म्हणजे तिचा राग कळेल. हा डेन्मार्कच्या एका बंदराच्या गावचा. बाप मासेमारीची जाळी विणायचा आणि फाटलेली सांधायचा. पोरगा बापाशेजारी बसून जाळ्यातल्या गाठी मोजायचा, आणि एक दिवस त्याने विचारलं की एवढ्याच गाठी घेऊन वेगवेगळी जाळी किती विणता येतील? बापाने खांदे उडवले. पोराने तो प्रश्न उचलला तो जन्मभर खाली ठेवलाच नाही. कोपनहेगनला शिकला, पहिला आला, पण त्या विषयाची तिथे एकच खुर्ची, आणि तिच्यावरचे गृहस्थ चांगले ठणठणीत. तेव्हा दोन वर्षांपुरता म्हणून सिडनीला आला आणि इथलाच झाला.

बाकीच्यांनी काय केलं? दर वर्षी चार-चार पेपर छापले. एकाच कणकेच्या पातळ पोळ्या लाटत राहिले. प्रेबेन मात्र त्या एकाच प्रश्नाला धरून बसला. ठरावीक बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा, काही अटी. अशा जाळ्या किती होतील ते अचूक सांगणारं सूत्र त्याला हवं होतं. जगातले इतर लोक कॉम्प्युटर लावून एकेक जाळी मोजायचे. तेरा बिंदूंपर्यंत मोजून झालं होतं आणि पुढे मशीनचाही दम निघत होता.

खुर्ची दोनदा रिकामी झाली, दोन्ही वेळा प्रेबेनने अर्ज केला आणि दोन्ही वेळा तो डावलला गेला. पहिल्यांदा इंग्लंडहून एक जण आणला, दुसऱ्यांदा तेव्हा ज्याची चलती होती त्या विषयातला. कारण दोन्ही वेळा तेच. डॉ. स्कोवगोर यांचं प्रकाशित काम कमी आहे.

आणि मग शहाण्णव साली दोन गोष्टी एकदम झाल्या. खुर्ची तिसऱ्यांदा रिकामी झाली आणि प्रेबेनला सूत्र सापडलं.

आयव्ही आणि त्याची दोस्ती त्याच्या आधीच झाली होती, ती मात्र ह्या जाळ्यांमुळे नव्हे. ती झाली ख्रिसमसच्या जेवणामुळे. तिने त्याला घरी बोलावलं, फोनवर पत्ता सांगितला, घर नंबर त्रेसष्ट. सिक्स्टी-थ्री. प्रेबेन छान कोट घालून छत्तीस नंबरच्या घरी गेला. तिथे एक फिलिपिनो कुटुंब राहायचं. त्यांना वाटलं चर्चमधलं कुणीतरी आलं, ह्याला वाटलं आयव्हीचे नातेवाईक असतील. लोकांनी आग्रह करकरून वाढलं, ह्याने पोटभर जेवून घेतलं आणि आयव्ही कुठे दिसत नाही असं विचारलं ते थेट पुडिंगच्या वेळी. इकडे मानवेल वाट बघून बघून डुलक्या काढायला लागला होता.

"अरे पण सिक्स्टी-थ्रीचं थर्टी-सिक्स केलंसच कसं?" आयव्हीने कपाळाला हात लावला.

प्रेबेन कानापर्यंत लाल झाला. "आमच्याकडे आधी तीन म्हणतात, मग साठ. तीन-आणि-साठ. मी मनात डॅनिशमध्ये म्हणतो आणि हात जसं ऐकतो तसं लिहितो."

आयव्ही एवढी हसली की खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. कारण तिचंही तेच! त्रे-सष्ट. आधी तीन, मग साठ. वसईच्या शाळेत घोकून घोकून पाठ केलेले पाढे इतकी वर्षं इंग्रजीत शिकवूनही डोक्यातून गेले नव्हते. घाईत फोन नंबर लिहिताना ती हमखास जोडी उलटी लिहायची आणि भलत्याच माणसाला झोपेतून उठवायची. ह्या बाबतीत मानवेलने तर हात टेकले होते. ऑफिसात दोन बेरजा जुळेनात आणि फरकाला नवाने पूर्ण भाग गेला की आकडे कुठेतरी उलटे पडलेत हे अकाउंट्सवाले ओळखतात, ते तो तिला दर महिन्याला ऐकवायचा. "मला नको शिकवू," आयव्ही म्हणायची, "त्याची सिद्धता मी देते तुला!"

त्या दिवसापासून चहाच्या वेळी दोघांचा खेळच सुरू झाला. प्रेबेन म्हणाला, आमच्याकडे दीडला 'अर्धा-दुसरा' म्हणतात, म्हणजे एक पूर्ण आणि दुसरा अर्धा. आयव्ही म्हणाली, ह्यात काय मोठंसं, आमचा अडीच मुळात 'अर्धा-तिसरा'च आहे. त्याने सत्तर सांगितलं. अर्धा-चौथा, म्हणजे साडेतीन, गुणिले वीस! आयव्हीने त्याला तिच्या बाबांची औटकी म्हणून दाखवली, साडेतीनाचा पाढा. "एक औटं औट, बे औटं सात..." बाजूच्या टेबलावरचे ऑस्ट्रेलियन दोघांकडे बघून हळूच कप उचलून लांब बसायचे. वर्षभरात प्रेबेनला मराठीत शंभरपर्यंत आकडे यायला लागले आणि आयव्हीला डॅनिशमध्ये. एकुणपन्नास आणि एकुणसाठ त्याला काही केल्या जमेनात. ते आपल्यातल्या अर्ध्या लोकांनाही जमत नाहीत म्हणा.

तर खुर्चीची निवड. कमिटीने ह्या वेळी नवीन टूम काढली. प्रेबेनची सिद्धता चाळीस पानांची, वाचू शकणारी माणसं जगात मोजकी, आणि मासिकाने ती अजून छापलेली नाही. तेव्हा उमेदवाराने सगळ्यांसमोर फळ्यावर ती मांडावी आणि बाहेरच्या तज्ज्ञाने प्रश्न विचारावेत. तज्ज्ञ म्हणून आले प्रोफेसर हार्ग्रेव्ह, कॉम्प्युटरने जाळ्या मोजणाऱ्यांतले अगदी वरचे. अशी सूत्रं वर्षाला दोन येतात आणि दोन्ही कोसळतात, असं ते म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. डीनने तर प्रेबेनला आधीच कोपऱ्यात घेऊन सांगून टाकलं होतं, की हेही नाही जमलं तर लवकर रिटायर होण्याचा विचार कर, मेट, नो वरीज. साठीला आलेल्या माणसाला पुन्हा कोण विचारणार होतं? म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दुपारी.

सकाळी निघताना मानवेल म्हणाला, "हे बघ, तुझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात त्याच डीनच्या हातात आहे. आज तोंड बंद ठेव."

"ठेवते."

"नक्की?"

"म्हटलं ना, ठेवते!" आणि धाडकन दार लावलं.

हॉल खच्चून भरला होता. पहिल्या रांगेत कमिटी, मधोमध हार्ग्रेव्ह, मागे आयव्ही. प्रेबेन सुरुवातीला चाचरला, मग खडू हातात आला आणि माणूस बदललाच. तासभर तो बोलत होता आणि फळे भरत होता. कुठे अडकला नाही, कुठे लपवालपवी केली नाही. एका जागी तर त्याने दोन ओळींत असा काही वळसा घेतला, की आयव्हीच्या शेजारच्या तरुण लेक्चररने नकळत "ओ, ब्यूटी!" म्हटलं. आयव्हीचा ऊर भरून आला. वीस वर्षं ह्या लोकांनी ह्या माणसाची चहा पाजून बोळवण केली होती, आता बघा म्हणावं!

मग हार्ग्रेव्ह उठले. सभ्य, शांत माणूस. "डॉ. स्कोवगोर, फार सुंदर. एक छोटी विनंती. तेरापर्यंतचे आकडे सगळ्यांना माहीत आहेत, तुमचं सूत्र तिथे जुळणारच. चौदा बिंदूंसाठी किती जाळ्या, ते जरा आत्ता काढून दाखवाल?"

आयव्ही खुर्चीत पुढे सरकली. चौदाचं उत्तर कुणीच छापलेलं नव्हतं. मग हा का विचारतोय?

प्रेबेन मात्र खूश. त्याने सूत्रात चौदा घातले आणि एकेक पद सोडवायला लागला. ओठ पुटपुटत होते, खडू चालत होता. मोठमोठी पदं आधी, बारकी शेवटी. सगळ्यांची बेरीज करून त्याने दहा आकडी उत्तर लिहिलं, खाली रेघ मारली आणि हात झटकले.

हार्ग्रेव्ह थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले. "मला वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आमच्या नव्या मशीनने अख्खा हिवाळा घालवून चौदा बिंदूंच्या जाळ्या मोजल्या. गेल्या आठवड्यात काम संपलं, अजून कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या आणि तुमच्या उत्तरात फरक आहे. सत्तावीसचा."

मागून कुणीतरी हसलं. एवढ्या कोटींत सत्तावीस!

"अंदाज असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या," हार्ग्रेव्ह म्हणाले. "पण डॉक्टरांचा दावा अचूक सूत्राचा आहे. सत्तावीसने चुकलं काय आणि सत्तावीस कोटींनी चुकलं काय, सिद्धांत खोटाच."

प्रेबेन फळ्याकडे वळला, तिसऱ्या फळ्यावरच्या एका लेम्यापाशी, म्हणजे सिद्धतेतल्या एका पायरीपाशी गेला आणि तिथे बोट ठेवून उभा राहिला. आयव्हीला ती जागा माहीत होती. त्या लेम्याने त्याला चार वर्षं छळलं होतं, आणि सिद्ध झाल्यावरही तो अधूनमधून झोपेतून उठून तो तपासायचा. "बहुधा इथे," तो हळू आवाजात म्हणाला, "इथे मी कदाचित..."

अरे देवा, हा वेडा आता स्वतःच्या हाताने कबुली देणार! सगळ्यांसमोर एकदा 'माझं चुकलं' म्हणाला की संपलं. मग ती सिद्धता पुन्हा कोण वाचणार होतं? डीनने घड्याळ बघितलं. कमिटीतल्या एकाने पेनाला टोपण लावलं.

सत्तावीस. आयव्हीच्या डोक्यात तो आकडा घणासारखा वाजत होता. लेमा चुकला असता तर फरक काहीही आला असता, हजारात आला असता, लाखात आला असता. सत्तावीसच का? नऊ त्रिक सत्तावीस. नऊ त्रिक... तिची नजर फळ्यावरून वरपासून खालपर्यंत धावली. मानवेलचा नवाचा नियम! उलटी पडलेली, ज्यांच्यात तिनाचा फरक आहे अशी आकड्यांची जोडी. शेवटचं पद. त्यापुढे लिहिलेलं सत्तेचाळीस.

"एक मिनिट!"

सगळ्या माना मागे वळल्या. मानवेल, माफ कर रे बाबा.

"डॉ. तुस्कानो," डीन म्हणाले, "प्रश्न फक्त कमिटीने विचारायचे आहेत."

"मी प्रश्न विचारत नाहीये." ती उभी राहून रांगेतून वाट काढत पुढे यायलाही लागली होती. "प्रेब, त्या लेम्यावरचं बोट काढ. लेमा ठीक आहे. शेवटच्या पदाकडे बघ. त्याची किंमत तोंडाने सांग. इंग्रजीत नको. तुझ्या भाषेत सांग."

प्रेबेनने तिच्याकडे वेड्यासारखं बघितलं. मग शेवटच्या पदाकडे. ओठ हलले. "फीर ओ हाल्फ्येर्स."

"चौऱ्याहत्तर!" आयव्ही मराठीत ओरडली. इंग्रजी सुचलंच नाही तिला. "चौऱ्याहत्तर, प्रेब! आणि लिहिलंस काय?"

चार-आणि-सत्तर. आधी चार ऐकला, चार लिहिला, मग सात. फळ्यावर ढळढळीत सत्तेचाळीस होते. प्रेबेनचा खडू हातातून गळून पडला.

"क्षमा करा," हार्ग्रेव्ह म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. "फरक सांगितल्यावर उत्तर जुळवून घेणं कुणालाही जमेल."

"मग तुम्हीच करा ना!" आयव्ही म्हणाली. मान ताठ, आवाज वर्गातला. "शेवटच्या पदात दोन गुणिले सदतीस एवढंच उरलंय. सूत्र तुमच्यासमोर आहे. सांगा बघू, सदतीस दुणे किती?"

हॉलमध्ये शंभर गणितज्ञ बसले होते. त्यांनी तासभर त्या माणसाचा प्रत्येक लेमा डोळ्यांत तेल घालून तपासला होता, आणि सदतीस दुणे सत्तेचाळीस लिहिलेलं एकाच्याही लक्षात आलं नव्हतं! हार्ग्रेव्ह पुढे आले. सूत्र बघितलं, आकडे घातलेले बघितले. पुन्हा बघितले. "सेव्हन्टी-फोर," ते म्हणाले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसू आवरता आवरेना. "गुड गॉड. सेव्हन्टी-फोर!"

तोवर सगळा हॉल हसत होता, पण हार्ग्रेव्ह लगेच गंभीर झाले. त्यांनी खाली वाकून पडलेला खडू उचलला, स्वतःच्या हाताने सत्तेचाळीस पुसले, चौऱ्याहत्तर लिहिले आणि सगळी पदं पुन्हा स्वतः मिळवली. इंग्रजीत, मोठ्याने, सावकाश. नवं उत्तर आलं. मग ते फळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि मशीनचा आकडा तोंडपाठ म्हणू लागले. एक अंक म्हणायचे, सगळा हॉल फळ्याकडे बघायचा. दुसरा म्हणायचे, पुन्हा बघायचा. सातव्या-आठव्या अंकापासून मागच्या बाकांवरची पोरं बरोबरीने म्हणायला लागली. शेवटचा अंक तर अख्ख्या हॉलने एका सुरात म्हटला.

हार्ग्रेव्ह वळले. "हे मशीन मी ह्या गृहस्थांना खोटं पाडण्यासाठी लावलं होतं," ते सगळ्यांना म्हणाले. "स्पष्टच सांगतो. माहीत असलेल्या आकड्यांना सूत्र बसवणारे पुष्कळ भेटतात. ह्यांनी माझ्यासमोर असा आकडा काढला, जो जगात फक्त माझ्या खोलीतल्या माणसांना माहीत होता. आम्हाला एक हिवाळा लागला. ह्यांना खडूचा एक तुकडा लागला." आणि मग ते प्रेबेनकडे वळून किंचित झुकले. ऑस्ट्रेलियात कुणी कुणापुढे असं झुकत नाही.

टाळ्या अशा पडल्या की शेजारच्या हॉलमधलं लेक्चर थांबलं. काय झालं ते बघायला तिथली मुलं दारात जमली आणि काही न कळताच टाळ्या वाजवायला लागली. प्रेबेन फळ्याला टेकून उभा होता, पाठीवर सगळा खडू उमटलेला, डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. आयव्हीला वाटलं आता आपण रडणार. आणि ती रडली. खुशाल रडली, नाक शिंकरून रडली. आज नाही रडायचं तर मग कधी?

कमिटी आतल्या खोलीत गेली. कॉरिडॉरमधल्या बाकावर प्रेबेन आणि आयव्ही. हॉलमधला आनंद ओसरून प्रेबेनची जुनी सवय परत आली होती. ही तिसरी वेळ होती, आणि बंद दारामागे काय होतं ते त्याला चांगलं माहीत होतं.

"प्रकाशित काम कमी आहे म्हणतील," तो म्हणाला.

"म्हणू देत तर खरं! आत जाऊन एकेकाची..." आयव्हीने वाक्य अर्धंच सोडलं, कारण दार उघडलं होतं.

डीन दारात उभे होते. मागे हार्ग्रेव्ह दिसत होते, आणि ते हसत होते.

"प्रोफेसर स्कोवगोर," डीन म्हणाले, "आत येता का?"

प्रेबेनने पाय जवळ घेतले, कुणाला तरी जायला वाट करून दिली. मग मागे वळून बघितलं कोण आलंय ते. मागे नुसती भिंत होती.

"अहो, उठा!" आयव्हीने त्याला दंडाला धरून उभं केलं. "तुम्हालाच बोलावतायत!"